इन्कार, खुलासा, खेद

युद्धातील वर्तनावर बाहेरून टीका झाली की सरकारे काय करतात, याविषयी गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : युद्धात नागरिक मारले गेल्याचा आरोप झाला की प्रत्येक सरकार 'आरोप निराधार आहेत' असे म्हणते. यावर कोणाचा विश्वास बसत नाही, हे त्या सरकारलाही कळत असणार. मग उत्तर द्यायचेच कशाला? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

आपण असे गृहीत धरले आहे की सरकारचे उत्तर टीका करणाऱ्यालाच उद्देशून असते. मला तसे वाटत नाही. मी वृत्तपत्राच्या परराष्ट्र पानावर उमेदवारी करत होतो तेव्हा आमचे एक वयस्क सहकारी टेलिप्रिंटरवरून उतरलेला प्रत्येक इन्कार हातात घेऊन एकच विचारत, ''हे पत्र कोणाच्या पत्त्यावर आहे?'' पाकिटावर नाव संयुक्त राष्ट्रांचे असले तरी आतला मजकूर बहुधा तिसऱ्याच कोणासाठी लिहिलेला असे. कधी तो स्वतःच्या मतदारांसाठी असे, कधी कर्ज किंवा शस्त्रे देणाऱ्या देशासाठी, तर कधी मतदानाच्या वेळी बाजू घ्यायला निमित्त शोधत असलेल्या मित्रांसाठी.

श्रीलंकेचे उदाहरण घेऊ, कारण तेथे हे सगळे पत्ते दहा-बारा वर्षांत एकामागून एक पाहायला मिळतात. २ जानेवारी २००९ रोजी सैन्याने किलिनोच्ची हे उत्तरेकडचे शहर जिंकले आणि त्यानंतर साडेचार महिने लिट्टे ही वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना आणि तिच्यासोबत अडकलेले लाखो तमिळ नागरिक मुल्लैतीवू जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे रेटले गेले. सरकारने 'गोळीबारमुक्त क्षेत्रे' जाहीर केली आणि त्याच क्षेत्रांत तोफगोळे पडत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. स्वतंत्र पत्रकारांना तेथे प्रवेश नव्हता आणि संयुक्त राष्ट्रांच्या परदेशी कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २००८ मध्येच तो भाग सोडायला लावले होते. या काळातले सरकारचे उत्तर असे होते की ही लष्करी कारवाई नसून ओलिसांची सुटका करणारी मानवतावादी मोहीम आहे आणि 'नागरिकांची शून्य हानी' हे तिचे धोरण आहे.

या उत्तरात एक आकडाही होता आणि माझ्या मते त्या आकड्याने शब्दांपेक्षा मोठे काम केले. लढाईच्या टापूत नागरिक किती उरले आहेत, याचा सरकारी अंदाज सत्तर हजारांच्या आसपास होता, तर संयुक्त राष्ट्रांचा त्याच्या दुपटीहून जास्त होता. अन्न आणि औषधे किती पाठवायची, हे सरकारच्या आकड्यावर ठरत होते. युद्ध संपल्यावर छावण्यांत जी माणसे मोजली गेली ती पावणेतीन लाखांहून अधिक भरली.

मृतांचे आकडे बाहेर कळवत होते ते तेथील सरकारी रुग्णालयांतले मोजके तमिळ डॉक्टर. युद्ध संपताच त्यांना ताब्यात घेण्यात आले आणि ८ जुलै २००९ रोजी त्यांपैकी पाच जणांना कोलंबोत पत्रकार परिषदेत बसवण्यात आले. आपण दिलेले आकडे लिट्टेच्या दबावाखाली फुगवलेले होते, असे त्यांनी सांगितले. सांगताना ते पोलिसांच्या कोठडीतलेच होते. परदेशी पत्रकारांना हे पटेल, अशी अपेक्षा त्या परिषदेच्या आयोजकांनाही नसावी. सिंहली प्रेक्षकांना संध्याकाळच्या बातम्यांत ती चित्रफीत दिसली, तेवढ्याने काम झाले.

आता मित्रांच्या पत्त्यावरचे पत्र पाहा. युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा जिनिव्हात मानवी हक्क परिषदेचे विशेष अधिवेशन भरले. टीका करणारा ठराव बाजूला पडला आणि श्रीलंकेनेच मांडलेला, तिचे कौतुक करणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झाला. भारत, चीन आणि पाकिस्तान या तिघांनी एकाच बाजूने मत दिले, हा योग तसा विरळाच. पुढे सरचिटणीस बान की-मून यांनी तज्ज्ञांची समिती नेमायचे ठरवताच कोलंबोने मे २०१० मध्ये 'धडे घेणे आणि सलोखा' या नावाचा स्वतःचा आयोग आधीच उभा केला. मित्रदेशांना त्यातून सांगायला वाक्य मिळाले : त्यांची चौकशी चालू आहे, ती पूर्ण होऊ द्या.

घरच्या प्रेक्षकांसाठी जुलै २०१० मध्ये वेगळा प्रयोग झाला. विमल वीरवंसा या मंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कोलंबोतील कार्यालयासमोर, समिती रद्द व्हावी म्हणून, प्राणांतिक उपोषण मांडले. उपोषणाचे हत्यार आपल्याला परिचयाचे आहे. सरकारविरुद्ध ते उपसले जाते, पण सरकारातल्याच मंत्र्याने ते उपसले आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या हातून पाणी घेऊन सोडले, हे दृश्य मात्र नवे होते. समिती अर्थातच रद्द झाली नाही. तिचा अहवाल एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी गंभीर गुन्हे केल्याचे विश्वसनीय आरोप आहेत, लिट्टेने नागरिकांना ओलीस धरले आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, सैन्याने रुग्णालये व गोळीबारमुक्त क्षेत्रे यांवर तोफा डागल्या आणि मृतांची संख्या चाळीस हजारांपर्यंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे त्यात म्हटले होते. राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी पुढच्याच महिन्यात एका भाषणात सांगितले की आमच्या सैनिकांच्या एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात मानवी हक्कांची सनद होती.

त्यानंतर ऑगस्ट २०११ मध्ये संरक्षण मंत्रालयाने स्वतःचा सविस्तर अहवाल काढला. एवढ्या मोठ्या लढाईत आणि एवढ्या निर्दय शत्रूपुढे नागरिकांची हानी पूर्णपणे टाळणे अशक्य होते, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. शून्याचे अशक्य व्हायला दोन वर्षे लागली. हे पत्र कायदा जाणणाऱ्यांच्या पत्त्यावर होते, कारण युद्धविषयक कायद्यात नागरिकाचा प्रत्येक मृत्यू गुन्हा ठरत नाही. त्याला लक्ष्य केले होते का आणि होणारी हानी लष्करी फायद्याच्या तुलनेत बेसुमार होती का, हे तेथे पाहतात. 'कोणी मेलेच नाही' या भूमिकेवरून 'मेले, पण कायद्याच्या चौकटीत मेले' या भूमिकेवर सरकार आले, तो बदलच बाहेरच्या टीकेची खरी मिळकत आहे, असे मी समजतो. पण हेच घरातल्या माणसाने बोलून चालत नव्हते. युद्ध जिंकून देणारे सेनापती सरत फोन्सेका यांना, शरण येणाऱ्यांना ठार मारण्याच्या कथित आदेशाबद्दलच्या मुलाखतीवरून, त्याच वर्षी नोव्हेंबरात तीन वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. अर्थात त्याआधी ते राजपक्षे यांच्याविरुद्ध निवडणूकही लढले होते.

२०१५ साली सरकार बदलले आणि श्रीलंका स्वतःविषयीच्याच ठरावाची सहप्रस्तावक झाली. परदेशी न्यायाधीशांच्या सहभागाने विशेष न्यायालय उभारण्याचे आश्वासन तिने दिले. न्यायालय उभे राहिले नाही आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पुढच्या सरकारने ते सहप्रस्तावकत्व मागे घेतले. त्याच्या पुढच्याच महिन्यात मिरुसुविल येथे २००० साली आठ तमिळ नागरिकांना मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या सार्जंटला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. देशातल्या न्यायालयाने दोषी ठरवलेली आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलेली ती एक दुर्मीळ शिक्षा होती.

प्रश्न : १९७१ सालच्या पूर्व बंगालमधील हत्याकांडाची बातमी जगाला देणारा पत्रकार आमच्या बेळगावचा होता, असे ऐकले. हे खरे का? पाकिस्तान सरकारने त्या बातमीला काय उत्तर दिले? (वाचक, बेळगाव)

होय. अँथनी मास्करेन्हस यांचा जन्म बेळगावात एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षण आणि पत्रकारिता कराचीत झाली आणि १९७१ साली ते तेथील 'मॉर्निंग न्यूज'चे सहायक संपादक होते. मात्र ही बातमी देणारे ते पहिले नव्हते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची कारवाई सुरू झाली तेव्हा तीसहून अधिक परदेशी पत्रकारांना हॉटेलात कोंडून दुसऱ्या दिवशी देशाबाहेर घालवण्यात आले. सायमन ड्रिंग हा तरुण ब्रिटिश वार्ताहर मात्र हॉटेलच्या गच्चीवर लपून राहिला आणि त्याचा वृत्तांत ३० मार्चला लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मध्ये आला. मास्करेन्हस यांचे वेगळेपण असे की सरकारने त्यांना स्वतःच्या खर्चाने तेथे नेले होते.

एप्रिलमध्ये आठ पाकिस्तानी पत्रकारांचा दहा दिवसांचा दौरा लष्कराने आखला. परिस्थिती पूर्वपदावर आल्याच्या बातम्या त्यांनी लिहाव्यात, असा हेतू होता आणि सात जणांनी तशा लिहिल्याही. मास्करेन्हस यांना कुमिल्ला भागात अधिकाऱ्यांसोबत फिरताना जे दिसले आणि जेवणाच्या टेबलावर दिवसभराच्या हत्यांची जी चर्चा कानी पडली, ती त्यांना लिहिता येत नव्हती आणि गिळताही येत नव्हती. बहीण आजारी असल्याचे सांगून ते लंडनला गेले आणि 'संडे टाइम्स'चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटले. बायकामुले कराचीत असताना मजकूर छापणे शक्य नव्हते, म्हणून ते परत आले, कुटुंबाला पुढे पाठवले आणि वर्षातून एकच परदेशवारी करण्याचा नियम आड आल्यामुळे स्वतः खुष्कीच्या मार्गाने सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेले. कुटुंबाने निघण्याची तयारी करावी, यासाठी पत्नीला पाठवायची सांकेतिक तार अशी ठरली होती की ॲनचे ऑपरेशन यशस्वी झाले. १३ जून १९७१ रोजी तो लेख छापला गेला. मथळा एकाच शब्दाचा होता : 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार.

पाकिस्तानच्या लेखी हा विश्वासघात होता. पण आपला प्रश्न उत्तराचा आहे आणि ते तीन दिशांनी गेले. पहिली दिशा 'अंतर्गत बाब' ही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील देशांतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याच्या कलमाचा आधार तेथे घेतला गेला. आपल्याकडे आश्रयाला आलेल्या सुमारे एक कोटी माणसांमुळे ती बाब अंतर्गत उरली नव्हती, हा भारताचा प्रतिवाद होता.

दुसरी दिशा श्वेतपत्रिकेची. ती ५ ऑगस्टला निघाली. मार्च महिन्यात बंगाली जमावांनी बिहारी (फाळणीनंतर तेथे जाऊन राहिलेले उर्दूभाषक) आणि इतर बिगरबंगाली लोकांच्या केलेल्या कत्तली तिच्यात ठिकाणांसह मांडल्या होत्या. त्यातले आकडे वादाचे असतील, पण कत्तली झाल्या होत्या हे खरे आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या लिखाणात त्यांचा उल्लेख अभावानेच सापडतो, ही आपलीही चूक. तरीही सैन्याने नागरिकांशी काय केले, या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या पत्रिकेत नव्हते. प्रत्यारोप खोटाच असतो असे नाही. तो खरा असला म्हणजे अधिक उपयोगी पडतो, कारण वाचणाऱ्याचे मन तिकडे गुंतून राहते.

तिसरी दिशा पैशाची होती आणि फक्त तेथेच सरकार खऱ्या अर्थाने हलले. जूनमध्ये जागतिक बँकेच्या पथकाने पूर्व पाकिस्तानात फिरून प्रतिकूल अहवाल दिला होता आणि पॅरिसमध्ये मदतदार देशांच्या गटाने नवी मदत देण्याचे टाळले होते. सप्टेंबर उजाडताच जनरल टिक्का खान यांच्या जागी डॉ. मलिक हे मुलकी राज्यपाल आले आणि सर्वसाधारण माफी जाहीर झाली. राज्यपाल मुलकी झाला आणि सत्ता लष्कराकडेच राहिली. कराचीच्या वाचकाला हे बदल कशासाठी चालले आहेत ते कदाचित कळले नसेल, पण पत्र त्याच्या पत्त्यावर नव्हतेच.

प्रश्न : सरकारने स्वतःच नेमलेल्या चौकशीतून कधी काही निष्पन्न झाले आहे काय? (वकील, कोल्हापूर)

झाले आहे. पण कक्षा कोणी आखली आणि अहवाल कोणाच्या हाती गेला, हे आपण वकील असल्याने आधी पाहालच.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याने शेतकऱ्यांची घरे जाळून बायकामुलांना छावण्यांत कोंडले. एमिली हॉबहाउस यांनी त्या छावण्या पाहून जून १९०१ मध्ये लंडनला अहवाल दिला. सरकारने आधी छावण्या निर्वासितांच्या सोयीसाठी असल्याचे सांगितले. मग मिलिसंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली केवळ स्त्रियांचा आयोग नेमला आणि हॉबहाउस यांना त्यातून वगळले. त्या पुन्हा केपटाउनला गेल्या तेव्हा त्यांना बोटीवरून उतरूही दिले नाही. गंमत अशी की सरकारची बाजू घेईल म्हणून निवडलेल्या या आयोगाने हॉबहाउस यांचे बहुतेक म्हणणे खरे ठरवले. कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला आणि १९०२ मध्ये मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. तोवर सुमारे २८ हजार बोअर माणसे छावण्यांत दगावली होती आणि त्यांतली बहुसंख्य मुले होती. काळ्या आफ्रिकनांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तेथेही हजारोंनी माणसे मेली, पण त्या छावण्या आयोगाच्या कक्षेतच नव्हत्या.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी तुकडीने शेकडो गावकरी मारले. त्या दिवसाच्या लष्करी वृत्तात १२८ शत्रू ठार आणि ३ शस्त्रे हस्तगत, असे नोंदवलेले होते. १२८ सैनिकांजवळ ३ शस्त्रे कशी, हा प्रश्न वरच्या कोणाही अधिकाऱ्याला पडला नाही. ब्रिगेडच्या पहिल्या चौकशीने सुमारे वीस नागरिक चुकून मेल्याचे ठरवले. दीड वर्षाने पत्रकाराने बातमी फोडल्यावर जनरल पीअर्स यांची चौकशी झाली आणि तिने दडपादडपी उघडी केली. शिक्षा मात्र एकट्या लेफ्टनंट कॅली यांना झाली. जन्मठेप सुनावल्यावर काही दिवसांतच अध्यक्ष निक्सन यांनी त्यांना तुरुंगातून हलवून घरीच स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश दिला.

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला या छावण्यांत लेबनीज ख्रिस्ती सशस्त्र टोळ्यांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली. त्या वेळी परिसर इस्राएली सैन्याच्या ताब्यात होता. इस्राएलच्या मंत्रिमंडळाने सुरुवातीला या आरोपाची तुलना मध्ययुगात ज्यूंवर रचल्या जाणाऱ्या कुभांडांशी केली. नंतर तेल अवीवमध्ये इस्राएली नागरिकांचाच प्रचंड मेळावा झाला आणि काहान आयोग नेमावा लागला. आयोगाने फेब्रुवारी १९८३ मध्ये संरक्षणमंत्री एरिएल शेरॉन यांच्यावर व्यक्तिगत जबाबदारी ठेवली. त्यांनी संरक्षण खाते सोडले, पण मंत्रिमंडळ सोडले नाही. पुढे ते पंतप्रधानही झाले.

पाकिस्तानचा हमूदुर रहमान आयोग १९७१ च्या पराभवानंतर लगेच नेमला गेला होता. त्याने अधिकाऱ्यांवर खटले भरण्याची शिफारस केली. ढाक्यात चौकशी न करता त्याने मृतांचा आकडा लष्करी मुख्यालयाच्या नोंदींवरून २६ हजार धरला, तर बांगलादेश तीस लाख सांगतो. तो अहवाल कुलपात राहिला आणि ऑगस्ट २००० मध्ये एका भारतीय साप्ताहिकाने त्याचा मोठा भाग छापल्यावरच पाकिस्तान सरकारने तो खुला केला. खटला कोणावरही चालला नाही.

प्रश्न : आपण नेहमी बाहेरच्या देशांची उदाहरणे देता. आमच्या सैन्यावर परदेशी संस्था चिखलफेक करतात, तेव्हा भारताने उत्तर देऊ नये काय? (माजी सुभेदार, सातारा)

सुभेदारसाहेब, द्यावे आणि भारत देतोही. मात्र दोन प्रकारची टीका वेगळी ठेवू या. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात सैन्य गेले तेव्हा सुरक्षा परिषदेत झालेली टीका बळ वापरलेच का, यावर होती. सैनिक कसे वागले, यावर नव्हती. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी वसाहतीचा कब्जाच बेकायदा असल्याचे उत्तर दिले. ठरावाला सात मते पडली, सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला आणि विषय संपला. ते उत्तर आजही ताठ उभे राहते.

वर्तनावरच्या टीकेत आपली उत्तरे इतरांसारखीच दिसू लागतात, हे मान्य करायला हवे. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेची जाफन्यात लिट्टेशी लढाई चालू असताना तेथील रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठ ते सत्तर माणसे मारली गेली. मोहिमेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दिपिंदर सिंग यांनी ती दोन्हीकडच्या गोळीबारात सापडल्याचे म्हटले. जाफना विद्यापीठातील प्राध्यापकांच्या मानवी हक्क गटाने हे नाकारले. त्याच गटाने लिट्टेचीही तितकीच कठोर झाडाझडती घेतली होती आणि त्यांच्यातील डॉ. राजनी तिरणगम यांचा १९८९ मध्ये खून झाला. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला मी चिखलफेक म्हणू शकत नाही.

काश्मीरबाबत १९९० च्या दशकात भारताने अधिक मुरब्बी मार्ग धरला. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला. १९९४ मध्ये पाकिस्तान जिनिव्हात ठराव आणणार होता, तेव्हा नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे नेते करून पाठवले आणि तो ठराव मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसला तेथील स्थानबद्धांना भेटण्याची परवानगी मिळाली. पत्ता ओळखून लिहिलेली ही पत्रे होती आणि त्यांतून काही प्रत्यक्ष कामही झाले. पण आयोगाच्या कायद्याचे एकोणिसावे कलम आपण अवश्य वाचावे. सशस्त्र दलांविरुद्ध तक्रार आली तर आयोग स्वतः तपास करू शकत नाही. तो केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो. याउलट जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचा काश्मीरविषयक अहवाल आला, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने तो भ्रामक, पक्षपाती आणि हेतुपुरस्सर असल्याचे सांगून फेटाळला. सीमेपलीकडून होणाऱ्या दहशतवादाकडे अहवालाने दुर्लक्ष केले, ही तक्रार विचार करण्यासारखी होती. विशेषणांच्या गर्दीत ती हरवली.

आपण वर्दीत असताना शिस्तीने वागलेल्या जवानाला अशा सरसकट फेटाळणीचा फायदा होतो काय, हे मला आपल्याकडूनच ऐकायला आवडेल. दुसरे पत्र लिहावे, ही विनंती.

प्रश्न : मी भाषांतराचा अभ्यासक्रम करत आहे. सरकारी निवेदनातील 'रिग्रेट' या शब्दासाठी खेद, दिलगिरी की माफी? वर्तमानपत्रे तिन्ही वापरतात. (विद्यार्थिनी, मुंबई)

मराठीत या तीन शब्दांत बरेच अंतर आहे. खेद नुसता वाटतो आणि तो शेजाऱ्याच्या दुःखाबद्दलही वाटू शकतो. दिलगिरी व्यक्त करावी लागते, म्हणजे समोर कोणीतरी असावे लागते. माफी मागावी लागते, म्हणजे मागणाऱ्याने काही केलेले असावे लागते आणि ती देण्याचा वा नाकारण्याचा हक्क दुसऱ्याकडे जातो. सरकारे शक्यतो पहिल्या पायरीवर थांबतात. आमच्या पानावर मात्र मथळ्याच्या मापात बसतो म्हणून 'माफी' हा शब्द अनेकदा गेला. त्यांतले दोन-तीन मथळे माझ्याच हातचे होते.

सरावासाठी एक वाक्य देतो. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात करार झाला आणि १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांवरील खटले बांगलादेशाने सोडून दिले. त्या करारात पाकिस्तान सरकारच्या तोंडी असे आहे की जे काही गुन्हे घडले असतील त्यांचा ते निषेध करते आणि त्यांबद्दल तीव्र खेद व्यक्त करते. यातील 'घडले असतील' हे क्रियापद भाषांतरात सांभाळा. 'घडलेल्या गुन्ह्यांबद्दल' असे लिहिलेत तर जी कबुली ढाक्याला मिळाली नाही ती तुमच्या लेखणीने दिल्यासारखे होईल. जुलै २००२ मध्ये जनरल मुशर्रफ यांनी ढाक्याजवळच्या सावर स्मारकाच्या अभिप्राय वहीत त्या काळातील अतिरेकांबद्दल खेद वाटतो, असे लिहिले. तेथे 'असतील' गेले, पण वाक्य कर्मणी होते आणि कर्ता गाळलेला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्याला गेले, तेव्हा बांगलादेशाने औपचारिक माफीचा विषय पुन्हा काढला. हा प्रश्न १९७४ मध्ये आणि नंतर मुशर्रफ यांच्या भेटीत, असा दोनदा मिटला आहे, असे दार यांनी पत्रकारांना सांगितले. बांगलादेशाचे परराष्ट्र सल्लागार तौहिद हुसेन यांनी आपण त्याच्याशी सहमत नसल्याचे त्याच दिवशी स्पष्ट केले.